रुईच्या पानांचा चोर

आमच्या बिल्डिंगच्या मागे वाळूचा एक रिकामा प्लॉट आहे. शारजाच्या अल नहदातल्या रिकाम्या प्लॉटचं जे होतं तेच त्याचं झालंय, म्हणजे लोक तिथे फुकट गाड्या लावतात. पण त्याच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, रुईचं एक झाड आहे. त्याला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, तरी ते वाढतं. जुलैत माणसं एसीतून बाहेर डोकं काढत नाहीत तेव्हासुद्धा हे बाई हिरवंगार उभं असतं. आमचा वॉचमन जहूर त्याला आक म्हणतो. आमच्या दापोलीला आणि कुंदाताईंच्या पुण्याला त्याला रुईच म्हणतात. पान तोडलं की पांढरा चीक टपकतो आणि तो डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, एवढं आम्हा दोघींना लहानपणापासून माहीत आहे.

दोघी म्हणजे मी शहनाझ, पाचव्या मजल्यावरची, आणि कुंदाताई, माझ्या बरोब्बर वर, सहाव्या मजल्यावर. अठरा वर्षं आम्ही अशा एकीवर एक राहतोय. त्यांचा मिक्सर लागला की मला कळतं चटणी आहे का वाटण, आणि माझ्याकडे मासे तळले की त्यांच्या बाल्कनीचं दार धाडकन बंद होतं.

कुंदाताईंना रुईची पानं लागतात मारुतीला. दर शनिवारी त्या देव्हाऱ्यातल्या मारुतीला रुईच्या पानांचा हार घालतात. मला पानं लागतात आमच्या ह्यांच्या गुडघ्याला. खैरुद्दीनचं रोल्लाला हार्डवेअरचं दुकान आहे, दिवसभर उभं राहून गुडघा धरतो. पान गॅसवर जरा शेकायचं, तेल लावायचं आणि गुडघ्यावर बांधायचं. डॉक्टरची ट्यूब आहे, ती पण लावतो, पण आराम पानानेच पडतो असं ह्यांचं म्हणणं आहे.

म्हणून आम्ही झाड वाटून घेतलेलं. रस्त्याकडची बाजू मारुतीची, भिंतीकडची गुडघ्याची. कुंदाताईंना देवासाठी पान अख्खं लागतं. भोक नको, डाग नको, कड फाटलेली नको. घरी नेऊन प्रत्येक पान ओल्या फडक्याने पुसतील, उजेडाकडे धरून बघतील, आणि कुठे सुईएवढं भोक दिसलं की बाजूला काढतील. ती नापास पानं माझ्याकडे येतात. गुडघ्याला काय, भोक चालतं.

यंदा ईद झाली आणि पानं जायला लागली. एकदोन नाही, फांद्याच्या फांद्या. मी भिंतीकडून बघितलं तर शेंडे बोडके. मनात म्हटलं, कुंदाताई हल्ली माझ्या बाजूला पण हात घालायला लागल्या वाटतं. पण बोलले नाही. मोठ्या आहेत, देवाचं काम आहे, जाऊ दे.

त्यांनी मात्र जाऊ दिलं नाही. भरल्या लिफ्टमध्ये, चार लोकांसमोर, मला विचारलं, "शहनाझ, खैरुभाईंना गुडघे किती गं?"

मी साधेपणाने म्हटलं, "दोनच, कुंदाताई."

"मग एवढी पानं कशाला लागतात? माझ्या बाजूला नुसत्या काड्या ठेवल्यास."

आता यावर हसून टाकायला हवं होतं की नाही? पण माझं डोकं सटकलं. ईदला माझ्याकडे दोन वाट्या शीरखुर्मा पिऊन गेलेली बाई, आणि लिफ्टमध्ये मला चोर ठरवते. मी म्हटलं, "आणि मारुतीरायाला गळा एकच ना? मग हार कसा काय लांबत चाललाय?"

लिफ्टमधला एक मल्याळी मुलगा मोबाइलमध्ये तोंड घालून उभा राहिला. पाचवा मजला आला, मी उतरले. एरवी मागून "येते गं संध्याकाळी" असं ऐकू येतं. त्या दिवशी फक्त दार बंद झालं.

खलास. त्यानंतर बोलणं बंद.

हे दुसऱ्या कुठल्या वर्षी झालं असतं तर मी चार दिवस फुगून बसले असते आणि पाचव्या दिवशी वर जाऊन चहा मागितला असता. पण कुंदाताईंचे यजमान वासुदेवभाऊ रिटायर झालेत. मे महिन्यात त्या दोघांचा व्हिसा संपतो आणि ती दोघं कायमची पुण्याला जाणार. मुलगा वेदांग, सून आणि नात केया इथेच राहतील, पण कुंदाताई नसतील. म्हणजे ही इथली त्यांची शेवटची हनुमान जयंती.

दरवर्षी जयंतीला त्यांच्याकडे शारजा-दुबईतली मराठी मंडळी जमतात. माझं काम ठरलेलं आहे. चहाचं पातेलं माझं, आलं मी किसायचं, आणि दाराशी बसून कुणाची चप्पल कुणी घालून जात नाही ना ते बघायचं. मला बोलावणं कधी आलंच नाही, घरच्या माणसाला कोण बोलावतं? यंदा मी बोलावण्याची वाट बघायला लागले. जयंती शनिवारवर आली आणि बोलावणं नाही. मला फार लागलं ते. अठरा वर्षांचा शेवट पानांवरून व्हावा, याची लाज पण वाटत होती आणि राग पण जात नव्हता.

मग मी ठरवलं, चोर पकडायचाच. म्हणजे कुंदाताईंनाच. सकाळी नमाज झाली की मी बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या नावाखाली, डोळे झाडावर. एकदा डोक्यावर पाणी टपकलं. वर बघितलं तर कुंदाताईही ओला टॉवेल पिळत उभ्या, डोळे झाडावर. त्या माझ्यावर पहारा देत होत्या. आमची नजरानजर झाली तशी त्यांनी टॉवेल आणखी एकदा पिळला.

खैरुद्दीन आतून म्हणाला, "दोघी मिळून त्या झाडाचं वॉचमनपण करा, जहूरला सुट्टी देऊ."

"तुमच्या गुडघ्यापायी चाललंय सगळं," मी म्हटलं.

पहारा होता तरी पानं जातच होती. गुरुवारी मी भिंतीकडची खालची दोन-तीन पानं कशीबशी मिळवून आणली. दुपारी एक पान चिमट्यात धरून गॅसवर नेलं, तर पानाच्या मागून एक किडा बाहेर आला. अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि वर काळी शिंगं. शांतपणे पानाच्या कडेला आला आणि खाली ज्योत बघून थबकला.

"दादी, नो, डोन्ट कुक हिम."

माझी नात झारा. शाळेच्या बसमधून उतरून आत्ताच घरात शिरलेली, दप्तर पाठीवर तसंच. तिने माझ्या हातून चिमटा काढून घेतला आणि किड्याला पानासकट ताटलीत ठेवलं. मी गॅस बंद केला आणि तिला समोर बसवलं. ती नऊ वर्षांची आहे, आणि तिला खोटं बोलता येत नाही, हा आमच्या घराण्यात तिचा एकटीचाच दोष आहे.

"याला ओळखतेस तू?" मी विचारलं.

"ही इज अ मोनार्क."

"कोण?"

"मोनार्क कॅटरपिलर. बटरफ्लाय होतो. दे ओन्ली ईट मिल्कवीड." मग माझं तोंड बघून म्हणाली, "दॅट ट्री, दादी. युवर नी ट्री." गुडघ्याचं झाड, म्हणजे आमची रुई.

मग सगळं बाहेर पडलं. शाळेच्या एका पुस्तकात अमेरिकेतल्या फुलपाखरांचा धडा आहे. मिल्कवीड नावाचं झाड, तोडलं की पांढरं दूध येतं, आणि त्याच्यावर पट्ट्यापट्ट्यांची अळी. झारा आणि वरची केया, दोघी एकाच वर्गात, एकाच बसमध्ये. दोघींनी मागच्या प्लॉटमध्ये जाऊन पान तोडून बघितलं. दूध आलं. पानाखाली बघितलं, अळ्या होत्या. तेव्हापासून दोघी रोज बसमधून उतरल्या की झाडाकडे जाऊन अळ्या गोळा करतात, सोबत त्यांच्या जेवणाला पानं तोडतात, आणि सगळं एका खोक्यात ठेवतात.

म्हणजे शेंडे अळ्या खात होत्या, आणि उरलेलं या दोघी नेत होत्या. आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या सकाळी पहारा देत होतो. दुपारी मी झोपते आणि कुंदाताई टीव्ही लावून बसतात.

"खोका कुठे आहे?" मी विचारलं.

झारा हळूच म्हणाली, "प्रॉमिस मी यू वोन्ट टेल."

मी प्रॉमिस केलं.

"कुंदा आजीज बाल्कनी. बिहाइंड द वॉशिंग मशीन."

खरं सांगते, इतका आनंद मला खूप दिवसांत झाला नव्हता. चोरीचा माल कुंदाताईंच्याच घरात, रोज त्या जिथे उभं राहून माझ्यावर पहारा देतात तिथे, त्यांच्या पायाशी. मी पदर तोंडाला लावून हसले. झाराला वाटलं मी रडतेय, ती पाठीवरून हात फिरवायला लागली.

पण प्रॉमिस केलं होतं. मुलींना भीती होती की आजीला कळलं तर किडे कचऱ्यात जातील, आणि भीती खोटी नव्हती. झुरळ दिसलं तर कुंदाताई अख्खं किचन धुऊन काढतात. माझ्याकडे खोका ठेवायचीही सोय नाही, आमच्याकडे खैरुद्दीन स्प्रे मारतो. तेव्हा माझ्या हातात पुरावा होता आणि तोंडाला कुलूप.

संध्याकाळी केया खाली आली, ताटलीतला किडा न्यायला. दोघींचं लगेच भांडण जुंपलं. केयाचं म्हणणं, हा मोनार्क नाहीच. "मोनार्क हॅज टू पेअर्स. काउंट इट." झारा ऐकेना. मी चष्मा लावला, ताटली खिडकीपाशी नेली आणि शिंगं मोजली. तोंडाकडे एक जोडी, शेपटीकडे एक जोडी, आणि मध्ये पाठीवर आणखी एक.

"तीन," मी म्हटलं.

"प्लेन टायगर," केया म्हणाली. "मोनार्कचा कझिन. इथे हाच असतो, झारा. मोनार्क इज इन अमेरिका. आणि दॅट ट्री इज अवर मिल्कवीड, ते इथलंच आहे."

झाराचा चेहरा पडला. "सो ही इज नॉट अ किंग."

"राजा नसू दे," मी म्हटलं, "खातो तर राजासारखाच आहे." तेव्हा कुठे ती हसली. मग दोघींनी मला शिकवलं. फुलपाखरू अंडं घालतं पानाच्या खालच्या बाजूला, खसखशीच्या दाण्याएवढं, पांढरट. कुंदाताई पानं पुसतात त्या ओल्या फडक्यात अशी किती गेली असतील, आणि माझ्या गॅसवर किती. मला वाईट वाटलं. पण केया म्हणाली, "दे ले अ लॉट ऑफ एग्ज, दादी," आणि ताटली घेऊन वर गेली.

शनिवारी सकाळी मी बाल्कनीत होते. कुंदाताई पिशवी घेऊन खाली उतरल्या. झाडाला एक फेरी मारली. कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग भिंतीच्या बाजूला गेल्या, माझ्या बाजूला. तिथेही काही नव्हतं. खाली वाकून एक पान उलटसुलट केलं, ते अर्धं खाल्लेलं होतं, सोडून दिलं. रिकामी पिशवी हातात घडी करून त्या पाय ओढत परत निघाल्या. संध्याकाळी घर भरणार, आणि त्यांच्या मारुतीच्या गळ्यात हार नसणार, इथल्या शेवटच्या जयंतीला.

मी आत आले आणि खैरुद्दीनला म्हटलं, "रुई आणखी कुठे आहे?"

त्याने पेपर खाली केला. "अल कुसैसला, आपल्या गोडाऊनच्या मागे. रान माजलंय नुसतं."

"आणि तुम्ही हे आत्ता सांगता?"

"तू विचारलंस कधी? तू पहारा देत होतीस." मग उठला आणि किल्ली घेतली. "यल्ला, चला."

दोन्ही मुलींना घेतलं. केयाने घरी काय सांगितलं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. गोडाऊनच्या मागे खरंच रुईचं रान होतं, कमरेपेक्षा उंच, पांढऱ्या फुलांना जांभळी टोकं. मी पान तोडायची आणि मुलींच्या हातात द्यायची. त्या एअरपोर्टवरच्या तपासणीसारख्या, उलटं करून, उन्हात धरून बघायच्या. अंडं असलेलं एक पान मी चुकून तोडलं तर झाराने ते झाडाच्या फांदीत खोचून ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी सॉरी म्हटलं. भोक नाही, डाग नाही, अंडं नाही, अशी पिशवीभर पानं झाली.

निघताना एका फांदीवर मला तो दिसला. बोटाएवढा जाड, तिन्ही जोड्या शिंगं ताठ, पान करवतीसारखं कडेने कापत बसलेला. माझ्या मनात सैतान शिरला म्हणा. मी कुणाला काही न सांगता ते पान त्याच्यासकट तोडलं आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवलं.

झाराने गाडीत बघितलं. "दादी, शी विल थ्रो हिम."

"तू मला सांगू नको म्हणालीस ना? मी कुठे काय सांगतेय? तोच सांगेल काय ते."

"बट इफ शी थ्रोज हिम?"

मी इन्शाल्ला म्हटलं आणि केयाकडे बघितलं. "आजीने फडकं हातात घेतलं की तू तिथेच उभी राहा," मी तिला सांगितलं.

मी पिशवी कुंदाताईंच्या दाराच्या कडीला अडकवली, बेल दाबली आणि जिन्याने खाली पळाले. साठीला आलेली बाई मी, चप्पल हातात घेऊन. घरात येऊन दार लावलं आणि सोफ्यावर बसून राहिले. वर पाट सरकला. मग पाण्याचा आवाज. पानं पुसायला बसल्या. मग काहीतरी आपटलं, केयाचा रडका आवाज आला, आणि बाल्कनीत वॉशिंग मशीन सरकवल्याचा घरघर आवाज झाला. तो आवाज थांबला, आणि त्यानंतर काहीच नाही.

दुपार गेली. लिफ्ट वर जायला लागली, पाहुणे यायला लागले. जिन्यात साजूक तुपाचा वास. मी आलं किसून ठेवलं होतं, सवयीने. ते वाटीत तसंच पडलं होतं. खैरुद्दीन म्हणाला, "जा ना वर," आणि मी म्हटलं, "बोलावल्याशिवाय मी कुणाच्या घरी जात नाही." म्हणताना रडू आलं, ते त्याने बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तेवढ्यात बेल वाजली.

कुंदाताई. रेशमी साडी, केसात गजरा, आणि हातात स्टीलची वाटी. वाटीत रुईचं पान, आणि पानावर तो. पान अर्धं संपवलं होतं त्याने.

त्यांनी वाटी पुढे केली. "शहनाझ, चोर तुझ्या पिशवीत सापडला."

मी म्हटलं, "आणि राहतो कुठे?"

त्यांनी लिफ्टच्या दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे. "माझ्या वॉशिंग मशीनच्या मागे," म्हणाल्या. "अख्खं खानदान आहे. एक तर उलटं लटकून हिरवं होऊन बसलंय."

आधी कोण हसलं ते मला आठवत नाही. त्या दाराच्या चौकटीला धरून हसत होत्या, वाटी हलत होती आणि तो बिचारा पानाला घट्ट धरून बसला होता. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "लिफ्टमध्ये मी जे बोलले ना..."

"मी पण बोलले."

"तू मारुतीच्या गळ्यावर गेलीस."

"तुम्ही माझ्या नवऱ्याच्या गुडघ्यावर गेलात."

"बरं, बास," त्या म्हणाल्या. "वर सगळे चहाला खोळंबलेत. त्या वेदांगच्या बायकोने पातेल्यात आलं तसंच ठेचून टाकलंय, सालासकट. आणि चप्पलांचा ढीग बघ जाऊन. आलं किसलंयस का?"

मी वाटी आणली. आम्ही दोघी दोन वाट्या घेऊन वर गेलो.

हार पूर्ण झाला नव्हता. देव्हाऱ्यापुढे पाटावर पानं पुसून लावलेली होती, सुईत दोरा होता, आणि मधली जागा रिकामी. कुंदाताई खाली बसल्या. वाटीतल्या अळीला त्यांनी नव्या पानावर चालत जाऊ दिलं, घाई केली नाही. मग तिने खाल्लेलं ते अर्धं पान उचललं. मी बघत राहिले. अठरा वर्षं मी या बाईला सुईएवढ्या भोकासाठी पान टाकताना बघितलंय. त्यांनी ते पान पुसलं, उजेडाकडे धरून बघितलं, आणि हाराच्या बरोब्बर मध्ये ओवलं.

त्यांच्या नात्यातली एक बाई म्हणाली, "अगं, ते फाटकं आहे."

"असू दे," कुंदाताई म्हणाल्या. "ते नैवेद्याचं आहे."

स्तोत्र झालं, आरती झाली, सुंठवडा वाटून झाला. मी दाराशी बसून चप्पला सांभाळल्या. सगळे गेल्यावर आम्ही दोघी बाल्कनीत उभ्या राहिलो. पायाशी खोका होता, आता वॉशिंग मशीनच्या पुढे, राजरोस. खाली प्लॉटमध्ये गाड्यांच्या मागे ते बोडकं झाड दिसत होतं. त्याच्या शेंड्यांना नवी पालवी यायला लागली होती.

"मी गेले की," कुंदाताई म्हणाल्या, "माझी बाजू पण तूच घे."

मनातलं बोलायला लागले असते तर रडलेच असते. म्हणून मी म्हटलं, "एवढी पानं घेऊन करू काय, कुंदाताई? ह्यांना गुडघे दोनच आहेत."

त्यांनी माझा हात धरला आणि खूप वेळ सोडला नाही.